नाथाचा वळू शुद्धीवर येताना

देवाचा अनुभव लिहायचा म्हणजे माणसं आधी आपली भक्ती सांगतात. माझ्याजवळ सांगण्यासारखी भक्ती नव्हती, राग होता. कारभारीण गेली त्यानंतर दोन वर्षं मी सिद्धनाथाच्या देवळाची पायरी चढलो नाही. घरातल्या देव्हाऱ्यात नाथाचा चांदीचा टाक होता, तो भिंतीकडं तोंड करून ठेवला. शेजारीण एकदा विस्तव मागायला आली, तिनं ते बघितलं. म्हणाली, "आवं, देवाला असं पाठमोरं ठेवत्यात व्हय?" मी म्हणालो, "त्यानं माज्याकडं पाठ केली, मी त्याला पाठमोरा केला. फिट्टंफाट झाली." ती विस्तव न घेताच गेली. असा मी होतो. माझं शिक्षण चार यत्ता, आणि बोलणं पहिल्यापासून फटकळ. गोड लिहायला येत नाही. घडलं तसं लिहितो.

आधी माझं काम सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिल्या जर्मन लढाईत मी इराकात बसऱ्याला होतो, पण बंदूकवाला नव्हे, खेचरांच्या दवाखान्यात. जखमी खेचराच्या तोंडाला क्लोरोफॉर्मची पिशवी बांधून त्याला झोपवायचे, साहेब गोळी काढायचा आणि हात धुऊन दुसऱ्या खेचराकडं जायचा. झोपलेल्याला परत उठवायचं काम आम्हा शिपायांचं. तिकडून आल्यावर वाळव्याच्या बाजूला गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागलो तो म्हातारा होईस्तोवर तिथंच राहिलो. डॉक्टर बदलत गेले, काम तेच. भूल दिलेलं जनावर कापताना क्वचित मरतं. मरतं ते नंतर, सगळ्यांना वाटतं की झालं एकदाचं, तेव्हा. बैल कुशीवर पडून राहिला तर पोटात वारा धरतो, डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची खळगी, ढोलासारखी फुगते आणि श्वास कोंडतो. म्हणून पाय पोटाखाली घेऊन त्याला उरावर बसता करायचा, दोन्ही अंगांना भुसा भरलेली पोती लावायची. तोंड खाली उतरतं ठेवायचं, म्हणजे लाळ बाहेर गळते, नरड्यात जात नाही. जीभ एका बाजूनं बाहेर काढून ठेवायची. नाकपुडीपुढं हात धरून श्वास बघायचा. कान गार पडले की चोळायचे, अंगावर घोंगडं टाकायचं. मधून मधून बोटानं पापणीच्या कडेला हलकं शिवायचं. पापणी मिटली तर जनावर परतीच्या वाटेला लागलं म्हणायचं, नाही मिटली तर अजून लांब आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, गिळायची ताकद येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही.

हे शेवटचं लोकांना पटत नसे. बैल जीभ काढून पडलेला दिसला की मालकाचा जीव तुटायचा. नजर चुकवून कुणी ताक आणायचं, कुणी गुळपाणी. मी वाटी हिसकावून घ्यायचो आणि ओरडायचो, "ते पोटात न्हाई, फुफ्फुसात जातंय! मारायचाय का बैल?" एका म्हातारीला तर मी दंडाला धरून बाहेर काढली होती. कापणारा डॉक्टर असतो पण परत आणणारा मी, असं चारचौघांत सांगायचो. लोक ऐकूनही घ्यायचे.

कारभारणीच्या पोटात गाठ झाली. तिला मोठ्या दवाखान्यात नेली. त्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या दवाखान्याचा काही दोष नव्हता. आत न्यायच्या आधी ती मला म्हणाली, "सगळ्या मुलखाची खेचरं उठवलीसा, आता मला उठवा." मी म्हणालो, "खेचर बरं, लाथ मारतं पर बोलत न्हाई." ती हसली. मग म्हणाली, "मी उठंस्तवर हलायचं न्हाई हां. बैलापाशी बसता तसं बसायचं." बसलो. गाठ निघाली, तिला पलंगावर आणून टाकली. तिथं एक तरणी नर्सबाई होती, दुसऱ्या धर्माची, फार तर बावीस वर्षांची. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, शुद्ध आली की त्या पाणी मागतील. अजिबात द्यायचं नाही. ओल्या कापडानं ओठ पुसा फक्त." मला हसू आलं. मी म्हणालो, "पोरी, तू जन्मायच्या आधीपासनं मी ह्येच सांगतोय लोकास्नी." ती पण हसली आणि दुसऱ्या पलंगाकडं गेली.

आता जे लिहायचंय ते दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. कारभारीण नाथाचा रविवार करायची, निर्जळी. दिवसभर पाणी नाही, पण संध्याकाळी देवळात जाऊन तीर्थ घ्यायची. मी चिडवायचो, "मोडला की उपास." ती म्हणायची, "तीर्थ म्हंजी काय पानी हाय व्हय?" संसारभर हे ऐकलं होतं. तिचा भाऊ आष्ट्याला असतो, त्यानं ऑपरेशनसाठी म्हणून नाथाचं तीर्थ बाटलीत भरून आणलं होतं, ती बाटली माझ्या कोटाच्या खिशात होती. तिला अर्धवट शुद्ध आली. जीभ टाळ्याला चिकटलेली. "पानी," म्हणाली. मी नाही म्हणालो. परत म्हणाली. तीन वेळा मी नाही म्हणालो, ओठ पुसले. मग डोळे न उघडताच ती म्हणाली, "तीर्थ तरी द्या."

आणि मला, जन्मभर लोकांच्या हातातल्या वाट्या हिसकावणाऱ्याला, वाटलं की तीर्थ काय पाणी आहे का. उपास मोडत नाही त्यानं, मग हे कसं मोडेल. बाटली तिच्या ओठाला लावली. एक घोट द्यायचा विचार होता, पण ती आधाशागत प्यायला लागली आणि माझ्यानं बाटली ओढवेना. मग ठसका लागला. तोंड निळं पडलं. नर्सबाई पळत आली, तिला कुशीवर केली, घसा साफ केला, तेवढ्यापुरता श्वास आला. उशी भिजलेली बघून तिनं विचारलं, "पाणी कुणी दिलं?" बाटली माझ्या खिशात परत गेली होती. मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी ताप भरला, छाती घरघरायला लागली. चौथ्या दिवशी कारभारीण गेली.

मेहुणा तिथंच दवाखान्याच्या दारात ओरडला. म्हणाला, ह्या पोरीनंच पाणी पाजलं, कटकट नको म्हणून पाजलं आणि माझ्या भणीला मारलं. माणसं जमली. मोठे डॉक्टर आले, त्यांनी मला सरळ विचारलं, "आजोबा, पाणी तुम्ही दिलंत का?" मी मान हलवली. नाही अशी हलवली. ती पोरगी माझ्याकडं बघत होती. एकदाच बघितलं, मग खाली बघितलं. त्या वेळी कामावर तीच होती, उशी ओली होती, आणि घरचा माणूस नाही म्हणत होता. महिन्याभरानं कानावर आलं की तिला काढून टाकलं. मी घरी आलो तो देवावर चिडूनच. तुझं तीर्थ तिनं जन्मभर घेतलं, त्याच तीर्थानं तिला मारलीस, असं त्याला म्हणायचो. असं म्हटलं की रागात दिवस निघून जायचा, आणि त्या पोरीचा विचार करायला वेळ उरायचा नाही.

पुढं माण तालुक्यात गुरांच्या बुळकांड्याची साथ आली. गुरं पटापट मरायला लागली, म्हणून टोचायला आमच्या डॉक्टरसाहेबांना तिकडं पाठवलं आणि मी बरोबर गेलो. एका गावात टोचणी झाल्यावर लोक म्हणाले, साहेब, आमच्या नाथाचा वळू बघा. सिद्धनाथाला सोडलेला पांढराशुभ्र खिलारी वळू, वशिंड असं की दोन्ही हातांत मावायचं नाही. उजवं शिंग बुडातनं सडलं होतं. घाण वास, माशा, आणि डोकं झटकून झटकून बिचारा वाळून गेला होता. साहेब म्हणाले, शिंग मुळातनं काढलं तर वाचेल, ठेवलं तर डोक्यात जाईल. पण अडचण निघाली. देवाला सोडलेल्या वळूच्या अंगाला दावं लावायचं नाही, ही तिथली रीत. वेसण नाही, कासरा नाही. मी म्हणालो, "आवं, झिंगत उठला आन पायऱ्यांवर आपटला तर? दावं नसंल तर धरायचा कशाला?" देवळाचा गुरव मोठ्या पोटाचा, बोलायला तयार. तो म्हणाला, "ओ डरेसर, नाथानं धरलाय त्यो. तुमी नका काळजी करू."

साहेबांनी युक्ती काढली. एक दिवस वळूला पाणी दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घमेल्यात गुळाचं पाणी केलं आणि त्यात झोपेचं औषध घातलं. गुरवानं हट्ट धरला की आधी नाथाला नैवेद्य दाखवायचा. दाखवला. घमेलं परत आणताना गुरवानं बोट बुडवून चाटलं, तसं मागनं एक जण ओरडला, "गुरवाला आवरा रं, संध्याकाळची आरती ऱ्हाईल!" लोक लय हसले. वळू तहानेनं सगळं प्यायला, थोड्या वेळानं पाय फाकले आणि देवळापुढच्या चिंचेखाली बसला तो आडवा झाला. साहेबांनी शिंगाच्या बुडाशी सुई दिली, आरीनं शिंग उतरवलं, डाग देऊन रक्त थांबवलं, पट्टी बांधली. आम्ही आठ जणांनी त्याला उरावर बसता केला, दोन्हीकडनं पोती लावली. तेवढ्यात पलीकडच्या गावचा माणूस सायकलवर आला, तिथं दोन दावणींची गुरं आडवी झाली होती. साहेब आपली पेटी घेऊन गेले. जाताना म्हणाले, "तुम्ही आहात, मग मला घोर नाही."

मी बसलो. जन्मभर बसलो तसाच. पण मन ठिकाणावर नव्हतं. समोर नाथाचं देऊळ, दार उघडं, आणि माझ्या मांडीपाशी त्याचा वळू. मी त्याच्या कानात म्हणालो, "तुज्या मालकाचं आन माझं वाकडं हाय. पर तुजं माझं काय न्हाई." आणि कान चोळत राहिलो. दुपार झाली, पापणी मिटेना. औषध जरा जास्त झालं असावं, वळू वाळलेला होता. सावली सरकली म्हणून मी घोंगडं बदलायला पलीकडं गेलो, तेवढ्यात डावीकडचं पोतं सरकलं आणि एवढं मोठं धूड कुशीवर कलंडलं. मी ढकलून बघितलं. एकट्यानं काय हलतंय. डावी भकाळी वर यायला लागली.

मी हाका मारल्या. माणसं आली, पण गुरव पुढं आला तो तांब्या घेऊन. म्हणाला, "जीव कासावीस झालाय मुक्या देवाचा. तीर्थ घालू तोंडात, मग उठवू." मी म्हणालो, थेंब नाही. तो म्हणाला, "पानी न्हवं ओ, तीर्थ हाय. तीर्थानं कवा कोन मेलंय?" आणि वाकून वळूचा जबडा उघडायला लागला. तेच शब्द. मला पुढचं दिसेनासं झालं. मी त्याच्या हातावर फटका मारला. तांब्या उडाला, तीर्थ मातीत. मी ओरडलो, "मेलीया! माजी बायकू मेलीया! ह्याच हातानं पाजलंय मी!"

मग एक जण म्हणाला, "तीर्थ लाथाडलं ह्यानं." दुसरा म्हणाला, "ज्यानं लाथाडलं त्यानंच उचलावा वळू." माणसं मागं सरली. मारायला कुणी धावलं नाही, पण हात लावायलाही कुणी येईना. भकाळी कण्यापर्यंत चढली होती, श्वास तोकडा पडत होता. वारा काढायची नळी साहेबांच्या पेटीत गेलेली. मी एकटा त्या वळूच्या पाठीला खांदा लावून रेटत होतो, माझे पाय धुळीत घसरत होते, आणि मनात स्वच्छ उमटलं की हा पण माझ्या हातनं जाणार.

तेव्हा एक म्हातारी आली. धनगरीण होती. तिची मेंढरं ओढ्याकाठी बसली होती आणि ती नाथाला नारळ फोडायला आली होती. कपाळभर भंडारा, हातात काठी, एका पायाची करंगळी तुटलेली. माणसांतनं वाट काढत आली, कुणाला काही विचारलं नाही, कलंडलेला तांब्या उचलला. तळाशी चमचाभर तीर्थ राहिलं होतं. ते तिनं तळहातावर घेतलं. मी म्हणालो, "आक्का, तोंडात घालू नका, पाया पडतो." ती म्हणाली, "आरं बाबा, तोंडातच घालावं आसं कुटं हाय? तीर्थ घेतल्यावर वला हात डोळ्याला लावतूच की आपन." आणि ओली बोटं तिनं वळूच्या डोळ्यावरनं फिरवली.

पापणी मिटली.

मी चमत्कार म्हणत नाही. पापणीला शिवलं की ती मिटते, हे मी शंभर वेळा बघितलंय. कदाचित माझं बोट आणखी घटकाभरानं लागलं असतं तरी मिटली असती. पण त्या वेळी ती पापणी सगळ्या गावानं बघितली. गुरव ओरडला, "मिटला डोळा!" म्हातारीनं काठी टाकली, वळूकडं पाठ करून खाली बसली, पाय मातीत रोवले आणि पाठीनं रेटा दिला. म्हणाली, "मेंढी बसकान मारती तवा आमी आशीच उठवतो. बाया हो, बगताय काय? या की. दावं चालत न्हाई नव्हं तुमच्या द्येवाला? पाट चालती का न्हाई?" आधी दोन बाया आल्या, मग पाच-सहा. पाठीला पाठ लावून बसल्या. मग गडी लाजले आणि मागचे पाय धरायला आले. मी डोकं सांभाळलं. "लावा जोर" म्हणून सगळ्यांनी एकदम रेटलं आणि वळू उरावर आला. क्षणभर काही नाही. मग त्याच्या नरड्यातनं असा ढेकर निघाला की पुढची पोरंबाळं मागं पळाली. सडक्या वैरणीचा वास सुटला. गुरव नाकाला उपरणं लावून म्हणाला, "परसाद मिळाला रं सगळ्यास्नी." भकाळी उतरायला लागली.

पण तो अजून तोल धरत नव्हता. पोत्यांचा भरवसा राहिला नव्हता. म्हणून दावं लागत नाही तिथं माणसं लागली. दुपार टळेपर्यंत बायका आळीपाळीनं त्या वळूला पाठी लावून बसल्या. कुणी तांदूळ निवडत होती, कुणी सुनेच्या कागाळ्या सांगत होती. अशी राखण मी बसऱ्यात बघितली नाही आणि इथंही कधी बघितली नाही. गुरवसुद्धा येऊन बसला. म्हणाला, "सरका, पोत्यापरीस माझं पोट बरं." माझ्याकडं न बघता म्हणाला, "डरेसर, मला म्हाईत नव्हतं ओ." मी म्हणालो, "मला म्हाईत हुतं. तरी केलं."

म्हातारी माझ्या जवळ होती. मी वळूची जीभ धरून बसलेलो, तिची पाठ त्याच्या खांद्याच्या फऱ्याला. ती हळूच म्हणाली, "बायकूचं काय झालं?" आणि मी सांगितलं. सगळं. बाटली, ठसका, खिसा, मान हलवली ते. दोन वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याच कानांनी ऐकलं. सांगून झाल्यावर मला वाटलं, ही आता म्हणेल, जाऊ दे बाबा, नाथाची मर्जी, तिचं आयुष्य तेवढंच. लोक म्हणतात तसं. मी त्याची वाटच बघत होतो, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, "मग त्या पोरीचं काय झालं?"

मी म्हणालो, "कुनाचं?"

"त्या दवाखान्यातल्या. तुजं पाप जिच्या पदरात टाकलंस तिचं."

मी म्हणालो, मला ठाऊक नाही. आणि म्हणालो की देवानं माझं असं केलं, माझा देवावर राग आहे. ती म्हणाली, "द्येवाचं मागनं बग. त्यो कुटं जात न्हाई, दगुड हाय. पोरगी चालती-बोलती हाय, ती जाती." एवढंच. मग शेजारच्या बाईला विचारायला लागली की इकडं बाजरी कशी आहे.

उन्हं कलली तेव्हा वळूनं जीभ माझ्या हातातनं ओढून घेतली आणि गिळलं. मला नरडं हललेलं दिसलं. थोड्या वेळानं त्यानं पुढचे गुडघे रोवले. मी म्हणालो, कुणी ओढू नका, नुसतं अंगाला अंग लावून राहा. तो उठला, डुलला, बायकांच्या खांद्यांवर रेलला, परत सावरला. उभा राहिला. अंगाला दावं नाही, भोवती माणसंच. गुरव ओरडला, "नाथबाबाच्या नावानं—" आणि सगळं गाव म्हणालं, "चांगभलं!" माझ्या तोंडातनं ते निघालं नाही. हात जोडले गेले, ते मी जोडले की आपसूक जुळले, मला सांगता येत नाही. मी हातपाय धुऊन आलो तोवर म्हातारी मेंढरं हाकत गेली होती. धनगराची माणसं दिवस बुडायच्या आत पुढचा मुक्काम गाठतात, यात नवल काही नाही. गावातल्या कुणाला तिचं नाव ठाऊक नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. वळूनं रवंथ सुरू केलेला बघून मग मी भाकरी खाल्ली.

माणातनं परतलो तो थेट त्या मोठ्या दवाखान्यात गेलो. मोठे डॉक्टर तेच होते. मला वळखलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी का नाही बोललात?" मी म्हणालो, भ्यालो. दुसरं कारण नव्हतं. नर्सबाई कुठं आहे, म्हणून विचारलं. कुणाला ठाऊक नाही. तिथल्या एका वयस्कर बाईनं सांगितलं की आई म्हातारी होती, तिला घेऊन लांब गेली, सोलापूर का नगर. जाताना रडली नाही, पण आपला पांढरा झगा घडी करून खुंटीखाली ठेवला आणि म्हणाली, मी पाणी दिलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या कागदात माझी जबानी लिहून घेतली, मी खाली सही केली. त्यानं तिचं काय भलं झालं असेल ते मला कळत नाही.

मग आष्ट्याला गेलो. मेहुण्यानं पाट मांडला, "दाजी, लय दिसांनी." मी बसलो नाही. सांगितलं. तो आधी हसला, त्याला वाटलं म्हातारपणानं डोकं फिरलं. मग त्याचं तोंड बदललं. त्यानंच गावभर त्या पोरीच्या नावानं बोंब मारली होती. म्हणाला, "दाजी, माज्या तोंडनं वदवलंसा तुमी ते." मी म्हणालो, व्हय. तो आत गेला, बाहेर आला नाही. त्याच्या बायकोनं येऊन सांगितलं, "जावा तुमी आता. आन परत येऊ नगा." कारभारणीच्या माहेरचं तेवढंच घर राहिलं होतं, ते मी असं घालवलं. तिच्या वर्षश्राद्धाला आता मी एकटाच असतो.

लोक विचारतात, मग नाथाची कृपा झाली ती कोणती? बायको गेली ती गेली. पोरगी सापडली नाही. मेहुण्याचं दार बंद झालं. माझं मन हलकं झालं म्हणावं तर तेही खरं नाही, रात्री कूस बदलताना तो ठसका अजून ऐकू येतो. पण एक सांगतो. दोन वर्षं मी देवाशी भांडलो ते सोपं होतं. देव उलटून बोलत नाही. मी समजत होतो, शरण जायचं म्हणजे देवळात जाऊन डोकं टेकायचं. ज्याच्या तोंडाला तोंड द्यायची छाती होत नाही त्याच्यापुढं जाऊन उभं राहायचं, आणि तो जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, ह्याला शरण जाणं म्हणतात, हे मला एका धनगरणीनं सांगितलं. ती नाथाच्या दारात भेटली, म्हणून मी नाथाचे उपकार मानतो. त्याच्याकडं मागणं काही नाही. मागायच्या लायकीचा मी राहिलो नाही, आणि न मागता त्यानं जे दिलं ते कडू असलं तरी खरं होतं.

नर्सबाई, हे तुमच्यासाठी लिहिलंय. तुम्हाला मराठी चांगलं वाचता येत होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कारभारणीला तिच्या भावाचं पत्र तुम्हीच वाचून दाखवलंत, आणि ती म्हणाली होती की पोरगी किती सावकाश वाचती, कळतंय सगळं. कुठं असाल तिथं हा कागद तुमच्या हाती पडो. माफी मागत नाही, ती द्यायचं ओझं तुमच्यावर कशाला. तुम्ही मला बजावून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. पाणी मी पाजलं, आणि मान मी हलवली.